सहा अंडी

त्या ऑक्टोबरात शर्यत आमच्या गावातून जाणार होती.
गावातून म्हणजे गावाला घासून,
जिथे वडिलांचा एकुलता एक पेट्रोलपंप उभा होता,
हातानं दट्ट्या मारायचा,
वरच्या काचेच्या हंडीत
लालसर पेट्रोल चढताना दिसायचं.

पाम्पासची जमीन पोळपाटासारखी सपाट,
वर आभाळ पालथं घातलेलं.
मोटार दिसायच्या कितीतरी आधी तिची धूळ दिसते,
आणि मोटार गेल्यावर
जेवण होईस्तोवर धूळच दिसते.

रेडिओ फक्त एचेपारेच्या दुकानात.
फोर्डवाले भिंतीला टेकून, शेव्हरोलेवाले दाराशी.
सख्खे साडू त्या दिवशी एकमेकांशी बोलले नाहीत.
पाद्रीबाबा म्हणाले, मी कुणाच्याच बाजूचा नाही,
आणि भिंतीकडे जाऊन उभे राहिले.

पहिली गाडी आली ती आलीच नाही, गेलीच.
मडगार्ड छाटलेली,
दाढ दुखणाऱ्या माणसाच्या गालफडासारखं
बॉनेट चामडी पट्ट्यानं आवळलेलं.
एचेपारेची टोपी उडाली.
कुत्रं भुंकायचं विसरलं.
सहा महिन्यांची वाट, आणि मी मोजले, नऊ आकडे.

मग दुसरी, सातवी, विसावी.
लोक पांगले. आई धुतलेले कपडे
पुन्हा धुवायला घेऊन बसली.

तेव्हा दक्षिणेकडे
एक धूळ दिसली, जागच्या जागी उभी.
धूळ नव्हे, वाफ.
त्रेपन्न नंबरची गाडी, ढकलत आणलेली:
पुढे ओविदिओ बेर्तोलाची, मागे त्याचा मेव्हणा कासिमिरो,
दोघांचे चेहरे मातीचे,
चष्म्याच्या जागी तेवढी
माणसाची कातडी.

दगड लागला होता रेडिएटरला,
करंगळीच्या नखाएवढं भोक.
आणि पुढचं गाव एकशे दहा किलोमीटरवर.

‘बाई, अंडी आहेत?’
आईला वाटलं, भुकेले असतील बिचारे.
तिनं तवा चढवला.
‘तळू नका,’ कासिमिरो म्हणाला, ‘कच्ची हवीत. सहा.’
टोपलीत चार होती.
उरलेली दोन तिनं काढली
कालच बसवलेल्या खुडुक कोंबडीखालून.
कोंबडीनं मनगट फोडलं तिचं.
माणसं काय करतात कशासाठी
हे कोंबडीला कोण सांगणार?

नरसाळं मी धरलं होतं. अकरा वर्षांची होते.
पांढरं आत गेलं, पिवळं कुत्र्याला.
मग पाणी, मग हँडल,
एकदा, दोनदा, चौथ्यांदा इंजिन खोकलं,
पाणी तापलं, अंडं आतल्या आत शिजलं
आणि शोधत शोधत त्या भोकात जाऊन बसलं.
थेंब थांबला.
ओविदिओ हसला तेव्हा
चेहऱ्याच्या मातीला तडे गेले.

वडील म्हणाले, पेट्रोलचे झाले एवढे.
त्यानं मोजून दिले.
अंड्यांचे? खिसे उलटे केले त्यानं:
एक स्पार्क प्लग, बायकोचा फोटो, मीठ.
‘परत येताना देतो.’
शर्यत परत त्याच रस्त्यानं येत नसते,
हे वडिलांना माहीत होतं. त्यांनी मान हलवली.

पुढच्या आठवड्यात पेपर आला.
पोचलेल्यांची नावं एकतीस.
बंद पडलेले, उलटलेले, कुंपणात शिरलेले, सगळ्यांची यादी.
त्रेपन्न कुठंच नाही.
एचेपारे म्हणाला, छापायला विसरले.
शेव्हरोलेवाले म्हणाले, फोर्ड होती ना, मग झालं.
आई काही बोलली नाही.
उधारीच्या वहीत तिनं लिहिलं होतं:
त्रेपन्न, अंडी सहा.
दर नव्या वहीत ती ओळ उतरवून काढायची,
मेलेल्या गिऱ्हाइकांच्या ओळी गाळून,
ही मात्र नाही.

पंप गेला. नवा डांबरी रस्ता
गावापासून चार किलोमीटर दूरनं गेला.
शेवटची वही माझ्याकडे आहे.
अंड्याला तेव्हा काय भाव होता, ते तिनं लिहिलेलं नाही.

त्या संध्याकाळी बराच वेळ
रस्त्यावर वास दरवळत होता
उकडलेल्या अंड्याचा, गरम लोखंडाचा.
कोंबडी काही पुन्हा
त्या टोपलीत बसली नाही.